दाजींची टाच आणि पिवळा दिवा

लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असे मला वाटत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांनी याच ओळीवर पान उलटले तरी मला वाईट वाटणार नाही. जन्मभर मी जालन्याच्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. म्हणजे फळ्यावर लिहिले आणि तास संपला की स्वतःच्या हाताने पुसून टाकले. पुसता न येणारे काही लिहिण्याची ही पहिलीच वेळ, तीही निवृत्तीनंतर. त्यात विषय असा, की साहित्याच्या पंगतीत त्याला कोणी पाट मांडणार नाही: मोटारीच्या चाकातली हवा कमी झाली की चालकासमोर उजळणारा एक लहानसा पिवळा दिवा. पण माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ज्यांना मी दाजी म्हणतो, त्यांनी आग्रह धरला.

"लिहा मास्तर. फक्त माझं नाव टाकू नका. टाकलं तं पिंपळगावात लोकं मला टायरवाला म्हणतील."

म्हणून या लेखात कोणाचेच नाव नाही. दाजींचे टाळायचे आणि इतरांची छापायची, हे बरे दिसले नसते.

दाजी कुंभार पिंपळगावचे. मोसंबीची बाग, थोडा कापूस, आणि गाडी चालवण्याची अनावर हौस. जालना जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी त्यांनी एक जुनी जीप विकत घेतली, आणि त्या वर्षातली मोठी घटना कोणती याविषयी त्यांचे आणि शासनाचे मत आजही वेगळे आहे. जीप निघण्यापूर्वी एक विधी असे. दाजी जीपभोवती एक फेरी मारत, प्रत्येक चाकाला उजव्या पायाची टाच हाणत, मान तिरकी करून आवाज ऐकत, आणि चौथ्या चाकानंतर म्हणत, "बराबर." हा शब्द उच्चारला जाईपर्यंत आत बसण्याची कोणालाही परवानगी नव्हती. आक्का, म्हणजे माझी बहीण, डोक्यावर पदर आणि हातात डबा घेऊन उन्हात उभी राही. ती हळूच मला म्हणे, "लग्नात मला बी असंच पाहिलं होतं. फकस्त टाच मारली न्हाई."

दुसरा विधी वर्षातून एकदाच होई. होळी झाली की दाजी काडेपेटीतली एक काडी घेत आणि चारही चाकांच्या तोंडाशी ती दाबून थोडी थोडी हवा सोडून देत. "उन्हाळ्यात हवा फुगते. तिला जागा ठेवावी लागते." पोळ्याच्या सुमारास ती पुन्हा भरली जाई. हा काही त्यांचा एकट्याचा नियम नव्हता. त्या वेळी आमच्याकडे ट्रॅक्टरवाले, जीपवाले, टेम्पोवाले सगळेच हे करीत आणि एकमेकांना आठवण देत. मी तेव्हा नुकताच पदवीधर झालो होतो. एकदा धीर करून म्हणालो, "दाजी, हवा तापली की दाब वाढतो हे खरे, पण बसके चाक प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, आणि त्यानेच अधिक तापते. उलट फुटण्याचा धोका..."

"मास्तर," दाजींनी मला अर्ध्यातच थांबवले, "तुमचा नियम फळ्यावर चालतो. माझी जीप डांबरावर."

सगळे हसले. मीही हसलो. समोरचा माणूस ठामपणे बोलू लागला की मला तोच बरोबर वाटू लागतो, हा माझा जुना दोष आहे. आक्काच्या मते याच दोषामुळे माझे लग्न राहिले. "यानं जन्मात कुणाला धड हो म्हणलं न्हाई का न्हाई म्हणलं न्हाई," असे ती आल्यागेल्याला सांगते.

वर्षे गेली. जीप म्हातारी होऊन विकली गेली. भाचा पुण्यात अभियंता झाला. दोन हजार सालानंतर केव्हातरी त्याने नवी गाडी घेतली आणि वापरलेली, परदेशी बनावटीची, जुनी गाडी वडिलांना आणून दिली. पिंपळगावात तशी गाडी दुसरी नव्हती. किल्ली हातात देताना त्याने सांगितले, "आण्णा, हवा कमी झाली की हिच्यात दिवा लागतो."

"म्हणजे आता मला दिवा शिकवणार," दाजी म्हणाले. पण गाडी त्यांना मनापासून आवडली होती.

त्या गाडीने आक्काच्या आयुष्यात शनिवार आणला. शनिवारी माझी सकाळची शाळा असे. दुपारी मी घरी पोचेपर्यंत ती दोघे जालन्यात माझ्या दारात हजर. आक्का माझ्या स्वयंपाकघराची झडती घेई, डब्यांतली जुनी डाळ बाहेर काढून मला दाखवी, मग जेवण. आणि परत निघण्यापूर्वी बाजारात उसाचा रस. इतक्या वर्षांच्या संसारात कामाशिवाय घराबाहेर पडण्याचा तिचा हा पहिलाच नेम. पुढच्या सीटवर बसून, पदर वाऱ्यावर सोडून ती यायची, तेव्हा मला ती लग्नाआधीची दिसे.

पहिल्या होळीनंतर अर्थातच काडेपेटीतली काडी निघाली. आणि पुढच्याच शनिवारी अंबडच्या अलीकडे दिवा लागला. चिन्ह असे: खाली सपाट, वर उघडी अशी एक वाटोळी आकृती आणि तिच्या पोटात उद्गारचिन्ह. खरे तर तो चाकाचा उभा छेद. आक्काने तो पाहून तत्काळ निदान केले, "अवो, कढई हाय ही. काहीतरी उतू जाऊन राह्यलं."

दाजींनी गाडी थांबवून चारही चाकांना टाच मारली. बराबर. तरी दिवा विझेना. मग त्यांना गिअरजवळ एक बटण दिसले, त्यावरही तीच कढई. त्यांनी ते दाबून धरले. गाडीने एक बारीक सूर काढला आणि दिवा विझला.

माझ्या घरी पोचल्यावर त्यांनी ही हकीकत विजयाने सांगितली. "गप करायचं बटण बी दिलंय बघा कंपनीनं. हे घरात असतं तं किती बरं झालं असतं." हे आक्काकडे पाहून.

"घरात होतं," आक्का पोळी लाटत म्हणाली. "पण तुम्ही ते कधी सोडलंच न्हाई. दाबूनच धरलंय लग्नापासून."

पुढे दिवा दोनदा-तीनदा लागला आणि प्रत्येक वेळी दाजींनी त्याला गप केले. त्या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. त्यानंतर एकदा वळणावर एका ट्रॉलीला गाडीचा आरसा घासला. आणि मे महिन्यात भाचा सुट्टीवर आला, त्याने अंगणात उभी असलेली गाडी पाहिली, खाली वाकला, आणि चारही चाके अशी पसरलेली पाहिली, की जणू जेवून बसलेली माणसे. बटणाची गोष्ट आक्काने भोळेपणाने सांगून टाकली.

त्या दिवशी बापलेकांचे जे झाले ते मला आक्काकडून फोनवर कळले. भाचा म्हणाला, गाडी मी पुण्याला घेऊन जातो. धोक्याची सूचना बंद करणाऱ्या माणसाच्या हातात मी आईला देणार नाही. दाजींनी किल्ली खिशात घातली आणि बोलणे बंद केले. आमरसाची वाटी तशीच ठेवून उठले.

"तू ये," आक्का म्हणाली. "दोघं बी म्हणतात, मामा म्हणील तसं."

"मी काय म्हणणार?"

"तेच मी म्हणलं. पण ते ऐकून न्हाई राह्यले. ल्योक म्हणतो मामा विज्ञानाचा, माझ्या बाजूनं बोलंल. हे म्हणतात मास्तर आपला, आपल्या पुढं बोलत न्हाई. गाडी गेली तं माझा शनिवार गेला. एवढं ध्यानात ठीव."

म्हणजे निवाडा माझ्याकडे आला. मी भाच्याला फोन करून ती यंत्रणा नीट समजून घेतली, बाजारातून पेनासारखा एक दाबमापक विकत घेतला, आणि एसटीने घनसावंगीमार्गे पिंपळगावला निघालो. वाटेत तीन वेळा मनाशी भाषण जुळवले. पोचलो तेव्हा एकही वाक्य आठवत नव्हते.

मग मला जे येते तेच केले. ओसरीवर तास घेतला. आक्काकडे दोन बांगड्या मागितल्या, एक तिची मोठी, एक तिच्या नातीची लहान. दोन्ही सतरंजीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोळवत नेल्या. "पाहा. वाट एकच आहे. पण लहान बांगडीला ती पार करायला जास्त गिरक्या घ्याव्या लागतात."

"बारक्याला जास्त पळावं लागतंच," आक्का म्हणाली.

"अगदी तसेच. हवा कमी झाली की चाक बसते, म्हणजे किंचित लहान होते. मग ते इतर तिघांपेक्षा जास्त गिरक्या घेते. प्रत्येक चाकापाशी गिरक्या मोजणारे एक यंत्र असते. ते मुळात ब्रेकसाठी बसवलेले आहे. एक चाक जास्त पळू लागले, की गाडी समजते की ते बसले, आणि दिवा लावते. हवा ती मोजतच नाही. फक्त चौघांतला फरक पाहते."

दाजी इतका वेळ खांबाला टेकून, आपला या विषयाशी संबंध नसल्यासारखे, अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता थांबला.

"मंग चारी संगंच बसली तं?"

वर्गात असा प्रश्न विचारणारा मुलगा वर्षाकाठी एखादाच भेटे. "तर तिला कळत नाही," मी म्हणालो.

"ऐकलं का?" दाजी मुलाकडे पाहत गरजले. दोन दिवसांतले त्यांचे त्याच्याशी हे पहिले बोलणे. "मी चारीची हवा सारखीच काढतो. मंग दिवा लागायचं कारणच काय? गाडीच खोटी हाय तुझी!"

"सारखी काढता म्हणे! काडीनं?" भाचा उसळला.

"काडीनं काढतो, कानानं ऐकतो!"

मी दाबमापक पुढे केला. माझ्या स्वभावाच्या मानाने ते फारच धाडस होते. "दाजी, आधी तुम्ही टाच मारून सांगा कोणते चाक सर्वांत नरम. मग मी मोजतो."

आम्ही अंगणात गेलो. दाजींनी धोतराचा सोगा वर खोचला, फेरी मारली, आणि पुढच्या उजव्या चाकापाशी उभे राहिले. "हे. बाकी तिघं सारखे, हे जरा ढिलं." मी मोजले. खरोखर तेच चाक सर्वांत नरम होते. बाकी तिन्हींत जेमतेम एका रेघेचा फरक. भाच्याने माझ्या हातून मापक घेऊन स्वतः मोजले. दाजींची मिशी हलली.

"पण मामा," तो म्हणाला, "चारही चाकं पाहिजेत त्यापेक्षा किती खाली आहेत ते सांगा ना त्यांना."

तेही खरे होते. चारही चाके एखाद्या सुस्त कुटुंबासारखी एकमतानेच खाली बसली होती. तेव्हा माझ्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि ती मी बोलून गेलो, कारण भिडस्त माणसाला विज्ञान आठवले की भीड आठवत नाही. "दाजी, तुमची टाच आणि हा दिवा सख्खी भावंडे आहेत. दोघांनाही फरक कळतो. पण मुळात बरोबर किती, ते दोघांनाही दुसऱ्याने शिकवावे लागते. ते बटण गप करण्याचे नाही. ते दाबले की गाडी असे समजते, की मालकाने हवा तपासली, आता जे आहे तेच बरोबर. मग पुढचा थोडा रस्ता ती तेच पाठ करते. तुम्ही बसक्या चाकांवर बटण दाबलेत. तिने मुकाट्याने मान्य केले."

"म्हणजे ह्यांचं ऐकणारी गाडी तरी भेटली एक," आक्का म्हणाली.

"आणि माझी टाच?" दाजींनी विचारले. आवाज जरा खाली आला होता.

"तिला कोणी शिकवले?"

"बापाच्या वक्ताला एक ट्रकवाला होता. त्यानं." ते चाकापाशी वाकले. "तव्हाची टायरं येगळी होती."

भाच्याने पाय-पंप आणला. हवा भरताना दाजी प्रत्येक चाकापाशी माझ्या खांद्यावरून मापकाकडे पाहत होते, नव्या चष्म्यातून, डोळे बारीक करून. चारही झाली, तेव्हा त्यांनी पुन्हा एक फेरी मारली आणि टाच हाणली.

"लई टणक लागून राह्यलं."

"हेच बरोबर आहे," मी म्हणालो.

त्यांनी दुसऱ्यांदा फेरी मारली, मग तिसऱ्यांदा. माणूस नवीन जावयाचे नाव तोंडात बसवतो तसे. मग गाडीत बसून बटण दाबून धरले. सूर निघाला. "ती बी शिकली, मी बी शिकलो," ते म्हणाले. "आता बसा."

भाच्याचे समाधान झाले नव्हते. त्याचे म्हणणे, चाकांचे झाले, पण आण्णांचे काय? पुन्हा दिवा लागला तर ते काय करतील? त्याने मला बाजूला घेऊन हे विचारले, आणि मलाही तीच शंका होती. तेव्हा वाटूरपर्यंत जाऊन यायचे ठरले. दाजी चालवणार, आक्का पुढे, आम्ही दोघे मागे. वाटूरच्या चौकात चहा घ्यायचा आणि परत यायचे. तेवढ्यात मी हो किंवा नाही सांगायचे.

जाताना काही घडले नाही. परतूरपर्यंत दाजींनी इतक्या सभ्यतेने गाडी चालवली की मागच्या टमटमने दोनदा हॉर्न वाजवला. वाटूरला चहा झाला. भाचा घड्याळाकडे पाहत होता, मी चहाच्या ग्लासाकडे. परतीच्या वाटेवर, परतूर मागे पडल्यावर, आक्का एकदम म्हणाली, "अवो, कढई."

दिवा लागला होता.

मागून मला दाजींचा डावा हात दिसत होता. तो गिअरवरून उचलला गेला आणि बटणाकडे निघाला. सवयीने, मन दुसरीकडे असताना हात जातो तसा. भाचा पुढे झुकला. मी, का कोण जाणे, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. आक्काने पदर घट्ट धरला आणि खिडकीबाहेर पाहू लागली. पुढच्या सगळ्या शनिवारांचा निकाल त्या बोटात होता, आणि तिला तो पाहवत नव्हता.

बोट बटणापाशी थांबले. टेकले नाही. मग हात परत आला, गाडी सावकाश कडेला लागली.

दाजी उतरले, फेरी मारली, टाच हाणली. मागच्या डाव्या चाकापाशी थांबले. दुसऱ्यांदा हाणायची गरजच पडली नाही. "हे," ते म्हणाले. "मास्तर, तुमचं पेन आणा."

मी मोजले. तेच. रबरात एक खिळा रुतला होता आणि हवा हळूहळू जात होती. भाच्याने बाह्या सरसावल्या आणि डिकीतून जादा चाक काढले. जॅक लावताना तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बोला मामा."

आणि मी, जन्मात पहिल्यांदा, कोणी मध्ये थांबवण्याआधी वाक्य पूर्ण केले. "गाडी राहील. दिवसा चालवायची. होळीला काडी काढायची नाही. आणि दर शनिवारी माझ्या दारात मी हवा मोजणार."

"आन् म्या?" आक्का म्हणाली. "कढईवर लक्ष ठेवायचं, असंच ना?"

"अर्थात," मी म्हणालो.

"माझी बी एक अट," दाजी म्हणाले. "डोळे काही जन्मभर पुरायचे न्हाईत. मास्तरनं गाडी शिकायची. आजपासून. मीच शिकवणार."

मी नाही म्हणणार होतो. पण त्या दिवशीचा माझा ठामपणा तेवढाच होता, तो संपला होता.

अशा रीतीने वयाच्या पन्नाशीनंतर मी मोसंबीच्या बागेतल्या कच्च्या वाटेवर गाडी शिकलो. दाजींसारखा शिकवणारा मी शिक्षकाच्या पेशात पाहिला नाही: चूक झाली की ते माझ्यावर ओरडत नसत, गाडीची क्षमा मागत. पुढे काही वर्षांनी एका शनिवारी त्यांनी माझ्या दारात आपणहून किल्ली माझ्या हातात दिली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. आक्काने फक्त स्वतःच्या शेजारची खिडकी खाली केली आणि पदर सोडला.

शनिवार चालू आहे. आता पिंपळगावला जाऊन त्यांना घेऊन यायचे काम माझे. निघण्यापूर्वी दाजी काठी टेकत फेरी मारतात, टाच हाणतात आणि "बराबर" म्हणतात. मग मी मापकाने मोजतो, कारण माझा टाचेवर विश्वास नाही. मग आक्का गाडीत बसून दिवा पाहते, कारण तिचा आम्हा दोघांवरही नाही. एवढे झाले की आम्ही निघतो. उसाच्या रसाला थोडा उशीर होतो, पण आजवर तो चुकलेला नाही.

इतके वाचण्याची कृपा केलीत, तर एकच विचारतो: आपल्या गाडीच्या चाकांतली हवा आपण शेवटची केव्हा मोजून पाहिलीत?